१२७ दातांचे चाक : मराठवाड्यातील लेथ आणि आट्यांचे गणित

मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे किनवट हे पैनगंगेच्या काठचे गाव एका अंगाला सागवानाच्या जंगलाला आणि दुसऱ्या अंगाला कापसाच्या काळ्या जमिनीला लागून आहे. या दोहोंच्या आधाराने अशा गावांत जी यंत्रे आली, म्हणजे लाकूड चिरण्याची आरागिरणी, सरकी काढण्याचे जिन, विहिरीवरचे ऑइल इंजिन, ती सगळी दूरच्या कारखान्यांत घडलेली होती. यंत्र दूर घडले की त्याचा बोल्ट, त्याचा नट आणि त्याचा दांडाही दूरच मिळतो. हंगाम मात्र तेवढा काळ थांबत नाही, आणि कापूस उघड्यावर पडलेला असताना एका तुटलेल्या बोल्टासाठी हैदराबाद किंवा मुंबईच्या दिशेने डोळे लावून बसणे कोणालाच परवडणारे नसते. म्हणूनच तालुक्याच्या गावी यंत्राच्या मागोमाग लेथ येतो, आणि त्या लेथच्या डाव्या टोकाला, लोखंडी झाकणाच्या आड, दातेरी चाकांची जी माळ असते, ती नीट वाचली तर त्या मुलखात कोणती यंत्रे कोठून आली याचा बराच उलगडा होतो.

लेथ म्हणजे लोखंडाचा गज फिरता ठेवून त्यावर स्थिर हत्यार टेकवणारे यंत्र. लाकूडकाम करणाऱ्या कातारी मंडळींचे जुने साधन तत्त्वतः हेच करीत असे. गज धरून फिरवणाऱ्या मुख्य दांड्याला स्पिंडल म्हणतात, आणि हत्यार ज्या सरकत्या घोडीवर बसवलेले असते तिला कॅरेज म्हणतात. गज नुसता गुळगुळीत करायचा असेल तर कॅरेज थोडी हळू सरकली काय आणि थोडी जलद सरकली काय, फारसे बिघडत नाही. परंतु गजावर आटे पाडायचे असतील, म्हणजे बोल्टवर असते तशी सारख्या अंतराने चढत जाणारी मळसूत्री खाच कोरायची असेल, तर गजाचा एक फेरा आणि हत्याराची एक ठरावीक सरकण यांचे नाते शेवटपर्यंत अभंग राहिले पाहिजे. हे नाते राखण्याचे काम लीडस्क्रू नावाचा लेथच्या पूर्ण लांबीचा आट्यांचा दांडा करतो, आणि स्पिंडलचा वेग लीडस्क्रूपर्यंत हव्या त्या प्रमाणात पोहोचवण्याचे काम चेंज गियर, म्हणजे बदलता येणारी दातेरी चाके, करतात.

मळसूत्री खाच हा आकार मराठवाड्याला इंग्रजी यंत्रांनी शिकवलेला नाही. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या हातरेच्यात दोन लाटा एकमेकींना लागून उलट दिशांनी फिरतात, आणि एकीची फिरत दुसरीकडे नेण्यासाठी त्यांच्या टोकांना लाकडातच मळसूत्री दाते कोरलेले असत. अजिंठ्याच्या पाचव्या शतकाच्या सुमाराच्या चित्रात सरकी काढण्याचे जे साधन दिसते ते एका लाटेचे आहे. दोन लाटांचा आणि मळसूत्री दात्यांचा रेचा त्यानंतरच्या काळातला आहे. तो कोरणारा सुतार नजरेने आणि सुतळीने आखून आटे पाडत असे, आणि लाकूड लाकडाला घासून सामावून घेत असल्याने त्यातील उणीव खपून जाई. लोखंडाच्या नटाला असे सामावून घेता येत नाही. एका बोल्टाचे आटे दुसऱ्या कारागिराने केलेल्या नटात बसायचे असतील, तर दोघांच्या हाताखेरीज तिसरी कोणतीतरी गोष्ट अचूक असावी लागते, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातही ती सहजी उपलब्ध नव्हती.

ही अचूकता आली ती एका अचूक मळसूत्राची नक्कल करून दुसरे मळसूत्र पाडण्याच्या युक्तीतून. १७७० च्या दशकात लंडनच्या जेसी रॅम्सडेनने मोजमापाच्या उपकरणांसाठी अशी यंत्रे केली आणि १७९५ मध्ये फ्रान्समधील सेनोने बदलत्या चाकांचा लेथ बांधला. परंतु कारखान्यात रुळले ते हेन्री मॉड्स्लेचे १८०० च्या सुमाराचे यंत्र. मॉड्स्लेच्या पहिल्या यंत्रात प्रत्येक मापाच्या आट्यासाठी वेगळा लीडस्क्रू बसवावा लागत असे. नंतरच्या यंत्रात त्याने लीडस्क्रू एकच ठेवला आणि त्याच्या सोबत १५ ते ५० दातांची २८ चाके दिली. अनेक दांड्यांच्या जागी एक दांडा आणि चाकांची पेटी आली, हा बदल दिसायला लहान असला तरी त्यामुळे आट्याचे माप लोखंडात गोठून न राहता गणितात गेले, आणि गणित येणाऱ्या कोणाही माणसाला ते हव्या त्या मापाला वळवता येऊ लागले. मराठी शाळांत त्रैराशिक म्हणून जे शिकवले जाई, त्याहून अवघड असे त्यात काही नाही.

मराठवाड्यातील जुन्या लेथांवर नेहमी आढळणारे माप घेऊन हे गणित पाहता येईल. लीडस्क्रूवर इंचाला ४ आटे आहेत असे धरले, आणि गजावर इंचाला १२ आटे हवे असले, तर गजाने १२ फेरे घेतले त्या वेळात लीडस्क्रूने ४ फेरे घ्यावेत, म्हणजे कॅरेज बरोबर एक इंच सरकेल. चालक चाकाचे, म्हणजे स्पिंडलकडून फिरत घेणाऱ्या चाकाचे, आणि चालित चाकाचे, म्हणजे लीडस्क्रूवर बसलेल्या चाकाचे, प्रमाण ४ ला १२ असे येते. ४ किंवा १२ दातांची चाके व्यवहारात नसल्याने दोन्हींना ५ ने गुणून २० आणि ६० दातांची चाके लावतात. या दोहोंतील अंतर भरून काढण्यासाठी मध्ये एखादे चाक घालावे लागते, त्याला आयडलर म्हणतात, आणि नवशिक्याचा गोंधळ येथेच होतो, कारण या मधल्या चाकाला कितीही दात असले तरी प्रमाण बदलत नाही. जितके दात त्याला चालक चाकाकडून मिळतात तितकेच ते पुढे देते. ते बदलते फक्त दिशा. म्हणून सायकलच्या डाव्या पायडलला लागतात तसे डावे आटे पाडायचे असतील, तर एक आयडलर वाढवायचा किंवा कमी करायचा, एवढेच करावे लागते.

प्रमाण फार लहान असेल तर दोन चाकांत ते बसत नाही, आणि मग एकाच खुंटीवर दोन चाके एकत्र जखडून जोडमाळ करतात. इंचाला २६ आटे हवे असतील तर प्रमाण ४ ला २६, म्हणजे २ ला १३. २० दातांच्या चाकाला १३० दातांचे चाक हवे, पण ते पेटीत नसते. तेव्हा २० चे चाक ६५ च्या चाकाला लावायचे, ६५ च्याच खुंटीवर २५ चे चाक जखडायचे आणि ते लीडस्क्रूवरील ५० च्या चाकाला लावायचे; २० भागिले ६५ आणि २५ भागिले ५० यांचा गुणाकार नेमका २ भागिले १३ येतो. या सगळ्या खुंट्या ज्या खाचेच्या पट्टीवर सरकवून आवळतात तिला क्वाड्रंट म्हणतात. दोन चाकांचे दात एकमेकांत किती खोल जावेत याचा अंदाज मिस्त्री लोक दातांमध्ये कागदाचा कपटा घालून चाके आवळून आणि मग तो काढून घेऊन ठरवतात. कपटा न घालता चाके भिडवली तर माळ अशी कण्हते की ती चूक अख्ख्या गल्लीला ऐकू जाते.

चाकांच्या पेटीत सामान्यतः २० पासून १२० पर्यंत पाच-पाचच्या फरकाने दात असलेली चाके असतात, आणि ही यादी केवळ सोयीची वाटली तरी तिच्यातील काही चाकांना इतिहास आहे. जोसेफ व्हिटवर्थ हा मॉड्स्लेच्या हाताखाली काम केलेला कारागीर. त्याने १८४१ मध्ये ब्रिटिश कारखान्यांतून बोल्ट गोळा करून, त्यांची सरासरी काढून, प्रत्येक जाडीला इंचामागे किती आटे असावेत याचे कोष्टक मांडले आणि आट्याच्या खाचेचा कोन ५५ अंश ठरवला. त्या कोष्टकात अर्ध्या इंचाच्या बोल्टाला १२, पाऊण इंचाच्या बोल्टाला १० आणि एक इंचाच्या बोल्टाला ८ आटे येतात, म्हणजे त्यासाठी ६०, ५० आणि ४० ची चाके पुरतात. पण पाच सुती बोल्टाला, म्हणजे इंचाचे आठ भाग करून त्यांतील पाच भाग जाडीच्या बोल्टाला, ११ आटे येतात, आणि ११ ही मूळ संख्या असल्याने तिच्या पटीचे चाक पेटीत असल्यावाचून ते आटे पडूच शकत नाहीत. ५५ चे चाक त्यासाठी आहे. एक इंच आणि त्याहून मोठ्या पाण्याच्या नळांनाही इंचाला ११ च आटे असतात, त्यामुळे जेथे विहीर, बोअर आणि नळ आहे तेथे ५५ च्या चाकाचे दात सर्वांत आधी झिजतात असे म्हणण्यास हरकत नाही. ब्रिटिश मापाच्या पाव इंची नळाला १९ आटे, त्यासाठी ९५ चे चाक. सायकलच्या बारीक भागांना २६ आटे, त्यासाठी वर सांगितलेले ६५ चे चाक. आणि एखादे अमेरिकन यंत्र गावात आले व त्याच्या एक इंची नळावर साडेअकरा आटे निघाले, तर त्यासाठी ११५ चे चाक. पेटीतील प्रत्येक विषम चाकामागे असे कोणतेतरी बाहेरून आलेले माप उभे असते.

ही मापे मराठवाड्यात आली ती कापसाच्या मागावर. लोकमान्य टिळकांनी भागीदारांसह १८९१ मध्ये लातूरला सरकी काढण्याचा कारखाना काढला, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातील एक बाजूची नोंद म्हणून सांगितली जाते. यंत्रांच्या इतिहासात तिचे महत्त्व अधिक आहे, कारण बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोहोचली ती १९११ मध्ये, म्हणजे त्यानंतर वीस वर्षांनी. आगगाडी नसलेल्या गावी, निजामाच्या मुलखात, यंत्राचे वजनदार भाग बैलगाडीने न्यावे लागत असताना त्यांची दुरुस्ती जागच्या जागी करण्याची सोय ही चैन नव्हती. मनमाड ते सिकंदराबाद हा नांदेडवरून जाणारा हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला, आणि पुढे मुदखेडहून एक फाटा किनवटमार्गे आदिलाबादला गेला. नांदेडची उस्मानशाही मिल, गावोगावचे जिन-प्रेस आणि रेल्वेची शेड यांच्यामुळे लेथवर हात बसलेल्या माणसांची एक पिढी तयार झाली; तिने शिकलेले माप इंच, सूत आणि व्हिटवर्थचे कोष्टक हेच होते.

याच रेल्वेत एक विसंगती दडलेली आहे, आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मनमाड-सिकंदराबाद आणि मुदखेड-आदिलाबाद हे दोन्ही मार्ग मीटर गेजचे होते. १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या सरकारने अरुंद मार्गांची रुंदी ठरवली तेव्हा हिंदुस्थानात लवकरच दशमान पद्धती येणार असे गृहीत धरून, सव्वातीन फुटांचा आधीचा विचार सोडून, नेमका एक मीटर हे माप घेतले. दशमान पद्धती मात्र आणखी ऐंशी-नव्वद वर्षे आली नाही. परिणामी रुळांमधले अंतर मीटरमध्ये आणि इंग्लंडहून आलेल्या इंजिनांचे बोल्ट इंचात, अशी ही व्यवस्था मुदखेड-किनवटच्या मार्गावर पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली. किनवटला मीटर आधी पोहोचला आणि मिलिमीटर फार नंतर, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

लेथ स्वतः मात्र बराच काळ विलायतीच होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावला सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली, आणि किर्लोस्करांच्याच पुढाकाराने १९४१ मध्ये तुंगभद्रेच्या काठी हरिहर येथे मैसूर किर्लोस्कर हा यंत्रे घडवणाऱ्या यंत्रांचा कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धामुळे बाहेरून लेथ येणे जवळजवळ थांबले होते, आणि त्या टंचाईने देशी लेथला बाजारपेठ मिळवून दिली, हे येथे नोंदवले पाहिजे. त्यानंतर १९५३ मध्ये बंगळूरला हिंदुस्तान मशीन टूल्सचा कारखाना स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या साहाय्याने निघाला. एक परंपरा इंग्लंडच्या इंचातून आलेली आणि दुसरी स्वित्झर्लंडच्या मिलिमीटरमधून आलेली, असे दोन प्रवाह त्यामुळे देशी लेथमध्येच एकत्र आले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून निघून नांदेड जिल्ह्यात आणि त्यामुळे मुंबई राज्यात आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये संसदेने वजन-मापांचा दशमान कायदा केला. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम येऊ लागला, आणि कापडाच्या दुकानात वाराच्या जागी मीटर बसला. दुकानदाराला जुनी काठी टाकून नवी घेता आली. लेथवाल्याला तसे करता येत नव्हते, कारण त्याची काठी म्हणजे लेथच्या पोटाशी बसवलेला, इंचाला ४ आट्यांचा, दहा-वीस वर्षे चालणारा लीडस्क्रू होता. शिवाय जुनी यंत्रे काही कायद्याने नाहीशी झाली नव्हती. व्हिटवर्थचा बोल्ट आणि मिलिमीटरचा बोल्ट एकाच आठवड्यात त्याच्या ओट्यावर येऊन पडत होते.

या अडचणीतून सुटका करते ते १२७ दातांचे चाक. एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, हा आकडा अपूर्णांकात लिहिला तर १२७ भागिले ५ असा होतो, आणि १२७ ही मूळ संख्या असल्याने तिला लहान अवयवांत फोडता येत नाही. पाच-पाचच्या फरकाच्या पेटीतील चाके कशीही जुळवली तरी त्यांच्या गुणाकारात १२७ येणे शक्य नाही. म्हणून ते चाक वेगळे पाडून घ्यावेच लागते. ते हाती असले की बाकीचे गणित आश्चर्य वाटावे इतके सोपे होते. इंचाला ४ आट्यांच्या लीडस्क्रूवर, हव्या असलेल्या आट्याचे मिलिमीटरमधील अंतर २० ने गुणले की चालक चाकाचे दात मिळतात, आणि चालित चाक नेहमी १२७ चेच राहते : २ मिलिमीटरच्या आट्यासाठी ४० आणि १२७, दीड मिलिमीटरसाठी ३० आणि १२७, अडीच मिलिमीटरसाठी ५० आणि १२७.

१२७ चे चाक आकाराने मोठे असते. लहान लेथच्या क्वाड्रंटवर ते मावत नाही किंवा झाकणाला घासते. अशा वेळी ६३ दातांच्या चाकाचा आधार घेतात. ६३ ला १२७ ने गुणले तर ८००१ येतात, म्हणजे ८००० ला केवळ एकाने अधिक. त्यामुळे १२७ ने भागण्याऐवजी ६३ ने गुणून ८००० ने भागले, तर आठ हजारात एक एवढीच चूक राहते. मीटरभर लांबीच्या आट्यांवर ही चूक मिलिमीटरचा आठवा भाग भरते, आणि दोन सेंटिमीटर जाडीच्या नटावर ती अडीच सहस्रांश मिलिमीटर एवढी, म्हणजे मिस्त्रीच्या मोजपट्टीला न दिसणारी. शुद्ध गणिताच्या दृष्टीने ही तडजोड आहे. पण गिरणीच्या दारात जो बोल्ट लागणार आहे त्याच्या दृष्टीने ती तडजोड नाही, आणि ही दोन दृष्टींमधली सीमा कोठे ओढायची हे ठरवता येणे, हेच या धंद्यातील कसब मानले पाहिजे.

दोन पद्धतींच्या या सांध्याची एक किंमत मात्र द्यावीच लागते. कॅरेज लीडस्क्रूला हाफ नटने, म्हणजे दोन अर्धकांत उघडणाऱ्या नटाने, जोडलेली असते. इंचाला १२ आटे पाडताना, १२ ही ४ ची पट असल्याने, एक काप झाल्यावर हाफ नट उघडून कॅरेज हाताने मागे आणली आणि कोठेही पुन्हा मिटली तरी हत्यार जुन्याच खाचेत उतरते. ११ आट्यांना तसे होत नाही. तेथे फिरत्या तबकडीवरील खूण साधून नट मिटावा लागतो. आणि इंची लीडस्क्रूवर मिलिमीटरचे आटे पाडताना हाफ नट शेवटपर्यंत उघडताच येत नाही. प्रत्येक कापानंतर हत्यार बाहेर घेऊन, लेथ उलटा चालवून, कॅरेज तशीच जोडलेली मागे आणावी लागते. मिलिमीटरच्या बोल्टाला अधिक मजुरी सांगितली की गिऱ्हाईक कुरकुरते. त्या जास्तीच्या पैशांमागे हा उलटा प्रवास असतो.

अमेरिकेत वेंडेल नॉर्टनने १८९२ मध्ये दांडा सरकवून आट्याचे माप बदलणाऱ्या गियरपेटीचे पेटंट घेतले, आणि पुढे ती पेटी मोठ्या लेथांवर सर्वसामान्य झाली; आता तर संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या लेथमध्ये स्पिंडल आणि लीडस्क्रू यांच्यात चाकांची माळच नसते. नॉर्टनच्या पेटीनेही इंच आणि मिलिमीटर यांच्यातील उडी मारता येत नाही, त्यासाठी तिच्या बाहेर चाकेच बदलावी लागतात. साध्या लेथची माळ त्यामुळे लहान गावांतून लवकर हटली नाही.

मराठवाड्यात या दोन मापांची सर्वांत घट्ट गाठ पडली ती हातपंपात. १९७२ च्या दुष्काळाने बोअरवेल आणि हातपंप हा राज्याच्या कारभाराचाच विषय झाला, पण त्याच्याही आधीपासून जालना आणि सोलापूर येथे मिशनच्या कामातून मजबूत हातपंपाचे प्रयोग चालू होते; ओतीव बिडाचे घरगुती पंप गावाच्या सार्वजनिक वापराखाली सतत मोडत असल्याने तेथे पोलादी पत्र्याचा पंप घडवला गेला, आणि सोलापूरच्या त्या पंपाच्या पायावर, युनिसेफच्या सहभागाने, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडिया मार्क दोन हा पंप आकाराला आला. जगातील अनेक देशांत पोहोचलेल्या या पंपाच्या बोअरमध्ये उतरणारा नळ सव्वा इंची असतो आणि त्याच्या जोडांवर इंचाला ११ आटे असतात. त्याच नळाच्या पोटातून जाणारी, दट्ट्या वर-खाली करणारी सळई मात्र १२ मिलिमीटर जाडीची आणि पावणेदोन मिलिमीटर अंतराच्या आट्यांची असते. हे आटे बहुतेक वेळा हाताच्या डायने पाडले जातात. डाय बोथट झाली, जोडणीचा लांब नट आतून नव्याने पाडायचा झाला किंवा नळाचे तोंड फाटून आखूड करावे लागले, की काम लेथवर येते, आणि मग नळासाठी २० व ५५ ची चाके चढवायची, सळईसाठी ती उतरवून ३५ व १२७ ची चढवायची, आणि दरवेळी दातांमध्ये कागदाचा कपटा घालून क्वाड्रंट नव्याने आवळायचा.